बालदमा: पंप देताना माझं नेमकं काय चुकत होतं

मुलगी चार वर्षांची. या वयात दमा पक्का ठरवणारी एकच एक तपासणी नसते. जोरात फुंकून करायची स्पायरोमेट्री 5-6 वर्षांच्या आधी मुलांना सहसा जमत नाही. त्यामुळे पहिल्या भेटीत प्रश्नांचीच सरबत्ती झाली. आईवडिलांपैकी कुणाला दमा किंवा ॲलर्जी? मुलीला एक्झिमा, म्हणजे त्वचेवर खाजरे चट्टे? जन्म दिवस भरण्याआधीचा? घरात कुणी सिगारेट ओढतं? भिंतीला ओल, बुरशी? सर्दी नसतानाही रात्री, खेळताना, हसताना खोकला येतो का? मी तारखा लिहून नेल्या होत्या, पण कामी आला तो रात्रीच्या घरघरीचा मोबाइलवरचा व्हिडिओ. दवाखान्यात पोहोचेपर्यंत छाती हमखास मोकळी झालेली असते.

दोन पंप मिळाले. रोजचा स्टेरॉइडचा आणि धाप लागली की द्यायचा साल्ब्युटामॉलचा. रोजचा पंप श्वासनलिकेची सूज हळूहळू उतरवतो, त्याला काही आठवडे लागतात. धाप लागलेली असताना त्याच्याकडून आराम मिळत नाही, आणि बरं वाटतंय म्हणून आपल्या मनाने तो बंद केला की सूज परत येते.

महिना झाला तरी फरक पडेना. मला वाटलं औषध बदलतील. डॉक्टर म्हणाले, "देऊन दाखवा बघू." तिथेच सगळं उघडं पडलं.

मी स्पेसरमध्ये, म्हणजे पंप आणि चेहऱ्यावरचा मास्क यांच्यामधल्या प्लास्टिकच्या पोकळ नळीत, दोन पफ एकदम मारत होते. तसं केलं की औषधाचे कण एकमेकांना आणि भिंतींना चिकटतात, फुप्फुसात कमी जातं. मास्क नाकाच्या बाजूने किंचित उचललेला राहायचा; तेवढ्या फटीतूनही बराच डोस वाया जातो. आणि ती रडत असतानाच मी उरकून टाकायचे. रडताना औषध बहुतेक घशातच अडकतं. आधी बाहुलीला पंप द्यायचा, मग तिला, हा उपाय लागू पडला.

आता असं करते: पंप हलवायचा, मास्क नाकातोंडावर घट्ट, एकच पफ, मग 5-6 शांत श्वास. स्पेसरची झडप हलताना दिसली पाहिजे. अर्धा मिनिट थांबून, पंप पुन्हा हलवून दुसरा. पंप नवा असेल किंवा बरेच दिवस पडून असेल तर सोबतच्या माहितीपत्रकात सांगितलेले पफ आधी हवेत सोडायचे. स्टेरॉइडनंतर चूळ भरायची, मास्क टेकतो तिथला चेहरा पुसायचा. नाहीतर तोंडात पांढरी बुरशी धरते.

स्पेसर कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे थेंब टाकून धुवायचा आणि तसाच वाळू द्यायचा. फडक्याने पुसला की प्लास्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध आतच चिकटून बसतं. (मी तो रोज चकचकीत पुसत होते!)

वेळेआधीचा जन्म किंवा घराण्यातला दमा आपल्या हातात नाही. धूर आहे. गॅलरीत जाऊन ओढलेल्या सिगारेटचाही धूर कपड्यांबरोबर घरात येतो. धुळीतल्या किड्यांची ॲलर्जी निघाली, म्हणून चादरी, अभ्रे आठवड्यातून एकदा 60 अंशांच्या पाण्यात.

पंपाच्या जागेजवळच डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद चिकटवला आहे: धाप लागल्यावर किती पफ, किती वेळाने. बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते, बोलताना शब्द तुटतात, ओठ निळसर पडतात किंवा मूल मलूल होतं, तर लगेच रुग्णालय, आणि वाटेतही पफ चालू. पंपात औषध किती उरलं ते आकड्यावर बघायचं. हलवून कळत नाही. औषध संपलं तरी आतला वायू फुस्स करतोच.