नकाशावरचा ठिपका थांबतो तेव्हा

डोंगरवाटेवर मोबाइलची रेंज गेली की घराशी जोडणारं एकच साधन उरतं, ते म्हणजे सॅकच्या पट्ट्यावरचं सॅटेलाइट ट्रॅकर. घरची मंडळी नकाशावर आमचा ठिपका सरकताना बघत असतात. तो थांबला की त्यांचा जीव वरखाली होतो. बहुतेक वेळा ठिपका थांबलेला असतो, पण चालणारा चालतच असतो.

हे यंत्र दोन वेगळी कामं करतं. जीपीएस उपग्रहांचे सिग्नल ऐकून ते आपली जागा काढतं आणि मग दुसऱ्याच उपग्रहांमार्फत ती पुढे पाठवतं. ऐकणं सोपं असतं, पाठवणं अवघड. त्यामुळे स्क्रीनवर जागा अचूक दिसली तरी ती घरी पोचलीच असेल असं नाही.

निघण्याच्या सकाळी यंत्र उघड्या मैदानात १५-२० मिनिटं ठेवायचं. ते बरेच महिने बंद असेल किंवा विमानाने दूरवर आणलेलं असेल, तर ही पायरी गाळू नये, कारण जीपीएस उपग्रहांची पूर्ण नवी माहिती उतरायलाच साडेबारा मिनिटं लागतात. मग एक चाचणी संदेश पाठवायचा आणि तो समोरच्याला मिळाला का, हे त्याच्याकडूनच कळून घ्यायचं. यंत्रावरचं ‘पाठवला’ पुरेसं नाही. उपग्रहानंतर संदेश मोबाइल कंपनीच्या हातात जातो आणि तिथेही अडकू शकतो. म्हणून प्रत्येक संपर्काचा देशाच्या कोडसह नंबर आणि ईमेल असे दोन्ही पत्ते भरलेले बरे. काही देशांत, भारतातही, असं उपकरण परवानगीशिवाय जवळ बाळगणं बेकायदा आहे. तिकीट काढण्याआधीच ही चौकशी करावी.

वाट जंगलात शिरली की खरी परीक्षा सुरू होते. या यंत्रांची संदेशवहनाची फ्रिक्वेन्सी साधारण १.६ गिगाहर्ट्झ असते आणि पाणी ती शोषून घेतं. पावसात भिजलेली दाट पानं म्हणूनच त्रास देतात, आणि आपलं शरीरही बहुतांशी पाणीच आहे. खिशात किंवा सॅकच्या तळाशी ठेवलेल्या ट्रॅकरवर विसंबू नये. खांद्याच्या पट्ट्यावर अँटेना आकाशाकडे करून, फोनपासून वीतभर तरी दूर, ही त्याची जागा.

अरुंद दरीत गोष्ट आणखी बदलते. अशी बरीच यंत्रं इरिडियम या उपग्रहांच्या जाळ्यावर चालतात. त्याचे ६६ उपग्रह जमिनीपासून सुमारे ७८० किलोमीटरवर फिरतात. त्यांतला एखादा अगदी डोक्यावरून गेला तरी या क्षितिजापासून त्या क्षितिजापर्यंत जेमतेम १० मिनिटं दिसतो. दोन्ही बाजूंना कडे असले की ही खिडकी दोन-तीन मिनिटांवर येते. अशा वेळी चालत राहण्यापेक्षा, जास्तीत जास्त आकाश दिसेल अशा जागी थांबून २० मिनिटं द्यावीत. कड्यांवरून परावर्तित होणाऱ्या सिग्नलमुळे जीपीएसही चुकतं आणि ठिपका नदीच्या पलीकडे उमटतो. एकाच विचित्र ठिपक्यावरून घरच्यांनी काही ठरवू नये.

यंत्र कोणत्या जाळ्यावर चालतं यालाही मोठं महत्त्व आहे. इरिडियमचे उपग्रह एकमेकांना संदेश देतात, त्यामुळे ते भर समुद्रात आणि ध्रुवांवरही चालतं. ग्लोबलस्टार या दुसऱ्या जाळ्याच्या उपग्रहाला त्याच क्षणी जमिनीवरचं केंद्रही दिसावं लागतं, म्हणून महासागरांच्या मध्यभागी पोकळी राहते. शिवाय ग्लोबलस्टारवर चालणाऱ्या ‘स्पॉट’ या ब्रँडच्या साध्या ट्रॅकरमध्ये बोलणं एकतर्फी असतं. संदेश पोचला की नाही हे यंत्रालाच कळत नाही. लांबच्या निर्मनुष्य वाटेसाठी दुतर्फी यंत्रच घ्यावं, असं माझं ठाम मत आहे.

दर १० मिनिटांनी एक ठिपका हे अंतर पायी चालणाऱ्याला योग्य. ताशी ४ किलोमीटर वेगाने दोन ठिपक्यांत सुमारे ६७० मीटर पडतात. दर दोन मिनिटांचा ठिपका बॅटरी संपवतो आणि शोधपथकाला त्यातून फारसं जास्त कळत नाही. झाडीत यंत्र पुन्हा पुन्हा प्रयत्न करतं, त्यामुळे तिथे बॅटरी अंदाजापेक्षा लवकर उतरते. मुक्कामाला पोचल्याचा संदेश गेला की ट्रॅकिंग बंद करावं. थंडीत यंत्र स्लीपिंग बॅगमध्ये घ्यावं, आणि लिथियम-आयन बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज करू नये.

एसओएस, म्हणजे मदत मागण्याचं बटण, दाबल्यावर यंत्र उघड्या आकाशाखाली, चालूच ठेवायचं. दुतर्फी यंत्रावर बचाव केंद्राकडून प्रश्न येतात: किती जण, काय दुखापत, हलता येतं का. उत्तरं छोटी द्यावीत आणि शक्यतो जागा सोडू नये. चुकून दाबलं गेलं तर नुसतं बंद न करता रीतसर रद्द करावं, नाहीतर पथक निघतं. ज्यांना फक्त संकटकाळची सोय हवी आहे त्यांच्यासाठी ४०६ मेगाहर्ट्झचा पीएलबी (पर्सनल लोकेटर बीकन), म्हणजे फक्त संकटाचा इशारा पाठवणारं छोटं यंत्र, आहे. त्याची ताकद ५ वॉट, म्हणजे ट्रॅकरपेक्षा बरीच जास्त. त्याची नोंदणी मात्र करावीच लागते आणि बॅटरीवर छापलेली तारीख पाळावी लागते.

घरच्यांना निघण्याआधी कागदावर लिहून द्यायचं: रोजचा मुक्काम, पर्यायी वाट, आणि ठिपका थांबल्यावर किती तास वाट पाहायची. आम्ही १२ तास लिहितो. त्यानंतर कोणाला फोन करायचा तो नंबर, आणि शेवटच्या ठिपक्याचे अक्षांश-रेखांश नकाशावर कुठे सापडतात, हेही त्याच कागदावर.