क्लच किती पेलतो आणि कसा सोडतो

अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात, डेन्व्हरच्या उत्तरेला, डिझेल गाड्यांच्या एका वर्कशॉपमध्ये मी काम करतो. इथल्या शेतकऱ्यांचा आणि पशुपालकांचा गाडा पिकअप ट्रकवर चालतो; मात्र आपल्याकडे पिकअप म्हटले की जी गाडी डोळ्यांपुढे येते, तिच्याशी या ट्रकचे साम्य नावापुरतेच आहे. बोलेरो पिकअपचे इंजिन साधारण २०० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देते. ज्या ट्रकविषयी मी लिहीत आहे, तो २००६ सालचा डॉज रॅम ३५००, त्यात सहा सिलिंडरचे ५.९ लिटरचे कमिन्स इंजिन, आणि कारखान्यातून निघतानाच त्याचा टॉर्क ६१० पाउंड-फूट, म्हणजे सुमारे ८२७ न्यूटन-मीटर. हा सगळा जोर गिअरबॉक्सपर्यंत पोचतो तो इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या-सोडणाऱ्या एका क्लच प्लेटमधून.

त्या दिवशी सकाळी हा ट्रक आला तेव्हा त्याचे मालक, साठीच्या पुढचे एक पशुपालक, काय बसवायचे ते ठरवूनच आले होते. डिझेल सोडणारे इंजेक्टर मोठे बसवून आणि ट्यूनिंग, म्हणजे इंधन केव्हा व किती द्यायचे याची मांडणी, बदलून त्यांनी इंजिनाची ताकद वाढवली होती. मागे गवताच्या गाठींनी भरलेला सहा टनांचा ट्रेलर जोडून ते महामार्गाच्या चढावर सहाव्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबत, तेव्हा इंजिनाचे फेरे एकदम वाढत आणि गाडीचा वेग मात्र तसाच राही. क्लच स्लिप होत होता, म्हणजे घसरत होता, यात शंका नव्हती. त्यांच्या पुतण्याचा ट्रक स्लेड-पुलिंगच्या, म्हणजे मातीच्या पट्ट्यावर वाढत जाणारे ओझे ओढण्याच्या स्पर्धेत उतरतो. त्यात दोन प्लेटींचा सिरॅमिक क्लच आहे आणि तोच आपल्यालाही हवा, असे त्यांचे म्हणणे होते. सर्वांत मोठा आकडा ज्याच्या खोक्यावर छापलेला आहे तो क्लच घ्यावा म्हणजे पुन्हा पाहायला नको, हा विचार समजण्यासारखा आहे, आणि आमच्याकडे येणारे बहुतेक गाडीमालक तो घेऊनच येतात.

मी त्यांना एवढेच विचारले की जळका वास नेमका केव्हा येतो. ते थोडे थांबले आणि म्हणाले की महामार्गावर फेरे वाढण्याचा प्रकार अलीकडचा आहे, पण वास गेले वर्षभर येतो, आणि तो संध्याकाळी घरी पोचल्यावर, ट्रेलर मागे घेऊन गवताच्या कोठारात लावताना. कोठारापुढचे अंगण खडीचे, कोठाराच्या बाजूला चढत गेलेले, आणि दार ट्रेलरपेक्षा फार रुंद नाही. अशा जागी भरलेला ट्रेलर इंचाइंचाने मागे सरकवायचा म्हणजे पाय सतत हाफ क्लचवर, पेडल अर्धे दाबलेले. या एका उत्तराने माझ्यापुरता त्या दिवसाचा रोख बदलला.

तरीही अंदाजावर क्लच निवडणे मला मान्य नव्हते, म्हणून आधी ट्रक डायनोच्या, म्हणजे चाकांवर पोचणारा जोर मोजणाऱ्या यंत्राच्या, रोलरवर चढवला. पाचव्या गिअरमध्ये, जिथे गिअरबॉक्सचे गुणोत्तर एकास एक असते, म्हणजे इंजिनाच्या एका फेऱ्याला गिअरबॉक्समधूनही एकच फेरा बाहेर पडतो, मिनिटाला सोळाशे-सतराशे फेऱ्यांवर पूर्ण भार देताच इंजिनाचे फेरे वर चढत गेले आणि रोलरचा वेग मागे राहिला. या क्लचवर इंजिनाचा खरा टॉर्क मोजता येणार नव्हता, कारण वरचा भाग रोलरपर्यंत पोचतच नव्हता. मात्र तसेच इंजेक्टर आणि तेच ट्यूनिंग असलेला एक ट्रक आम्ही पूर्वी मोजला होता आणि त्याचा टॉर्क चाकांवर ९०० पाउंड-फुटांच्या आसपास भरला होता. तेवढ्यावर हिशेब मांडता येत होता.

क्लच किती टॉर्क पेलेल हे चार गोष्टींच्या गुणाकारावर ठरते: घासणारी पृष्ठे किती, घर्षणगुणांक (पृष्ठाची पकड) किती, क्लच प्लेट फ्लायव्हीलवर, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चक्रावर, दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटचा दाब किती आणि घर्षणाची सरासरी त्रिज्या किती. ही त्रिज्या थोडी वाढवून फारसे हाती लागत नाही. सव्वाबारा इंचांची प्लेट काढून तेरा इंचांची बसवली तरी सरासरी त्रिज्या काही मिलिमीटरनेच वाढते, आणि बेल हाउसिंगमध्ये, म्हणजे क्लचभोवतीच्या कवचात, जागाही मोजकीच असते. दाब वाढवला तर पेडल जड होते, आणि पेडल दाबून धरल्यावर तो सगळा जोर क्रँकशाफ्टला (इंजिनाच्या मुख्य दांड्याला) मागेपुढे सरकू न देणाऱ्या थ्रस्ट बेअरिंगवर जातो. घर्षणगुणांक वाढवायचा तर साध्या ऑरगॅनिक फेसिंगऐवजी, म्हणजे प्लेटीवरच्या घासणाऱ्या थराऐवजी, सिरॅमिकची बटणे घ्यावी लागतात, आणि पृष्ठे वाढवायची तर एकाऐवजी दोन प्लेटी. दोन प्लेटी म्हणजे दोनऐवजी चार पृष्ठे, आणि तेवढ्याच दाबात दुप्पट टॉर्क.

पण हा गुणाकार क्लच पूर्ण जोडलेला असतानाचा आहे. क्लच जळतो तो जोडताना, आणि तो हिशेब वेगळा आहे. गाडी जागेवरून हलताना, सपाट रस्त्यावरसुद्धा, जोडणी पूर्ण होईपर्यंत गाडीला जितकी गतिज ऊर्जा मिळते, साधारण तितकीच उष्णता क्लचमध्ये निर्माण होते. या ट्रकच्या पहिल्या गिअरचे गुणोत्तर ६.२९ आणि दुसऱ्याचे ३.४८ आहे. तेवढ्याच फेऱ्यांवर दुसऱ्या गिअरमध्ये क्लच जुळला तर गाडीचा वेग सुमारे १.८ पट असतो आणि उष्णता वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे सव्वातीन पट. ट्रेलरसह दहा टनांच्या आसपास वजन घेऊन दुसऱ्या गिअरमध्ये सुटणारा माणूस दर सिग्नलला तीन वेळा सुटण्याइतका क्लच खर्च करतो. पहिल्या गिअरमध्ये गाडी फारच हळू चालते म्हणून ट्रक रिकामा असो की भरलेला, इथले बरेच जण दुसऱ्यातच सुटतात. आमचे गाडीमालकही त्यांतलेच होते.

दुपारी गिअरबॉक्स उतरवला. क्रँकशाफ्टच्या मागचे ऑइल सील कोरडे होते, त्यामुळे तेल लागून क्लच घसरत असल्याची शक्यता मिटली. प्लेटीचे फेसिंग रिव्हेटांपर्यंत झिजलेले होते, प्रेशर प्लेटवर निळसर काळे डाग आणि केसांसारखे बारीक तडे होते. या मॉडेलला कारखान्यातून ड्युअल-मास फ्लायव्हील येते, म्हणजे दोन भागांचे, मध्ये स्प्रिंगा असलेले. डिझेल इंजिनाचे कमी फेऱ्यांवरचे हिसके त्या स्प्रिंगा गिळतात आणि गिअरबॉक्सला शांत ठेवतात. इथे मात्र आतले ग्रीस बाहेर आले होते आणि दोन भागांमधली ढिलाई हाताला जाणवत होती. तेच फ्लायव्हील ठेवून नवा क्लच बसवणे हा खर्च फुकट घालवणे होते.

मग आम्ही तिघे, गाडीमालक, वर्कशॉपचे मालक आणि मी, बाकावर मांडलेल्या त्या जळक्या भागांभोवती उभे राहिलो आणि खरी चर्चा सुरू झाली. जास्त दाबाची एकच ऑरगॅनिक प्लेट मऊ चालली असती, पण ९०० पाउंड-फूट तिच्या मर्यादेबाहेर होते. एका बाजूला ऑरगॅनिक आणि दुसऱ्या बाजूला सिरॅमिक असलेली एक प्लेट आकड्यात बसत होती, आणि वर्कशॉपच्या मालकांचा कल तिकडे होता, कारण ती स्वस्तही पडली असती. माझी हरकत तिच्या स्वभावाला होती. सिरॅमिक हळूहळू पकडत नाही. ते सुटे असते किंवा पकडलेले असते, आणि या दोहोंच्या मधली जी पट्टी हाफ क्लचला लागते, ती फार अरुंद असते. ट्रेलर जोडून मागे जाताना असा क्लच थरथरतो, सगळी गाडी हिसके देते, आणि ते हिसके गिअरबॉक्स, प्रॉपेलर शाफ्ट, डिफरन्शियल सगळ्यांना बसतात. दोन सिरॅमिक प्लेटींचा क्लच स्पर्धेत उत्तम, कारण तिथे तो मोजक्याच वेळा जोडला जातो आणि मग पूर्ण ताकदीने धरून ठेवायचा असतो. कोठाराच्या दारात रोज संध्याकाळी पायाच्या अंगठ्याने ट्रक सरकवणाऱ्या माणसाला तो पहिल्याच आठवड्यात नकोसा झाला असता.

म्हणून मी दोन ऑरगॅनिक प्लेटींचा क्लच सुचवला. चार पृष्ठांमुळे टॉर्क पेलतो, दाब फार वाढवावा लागत नाही म्हणून पेडल माणसाच्या पायाला झेपते, आणि उष्णता दोन प्लेटी आणि मधली फ्लोटर प्लेट यांत वाटली जाते. त्याचे तोटेही मी तिथेच सांगितले, कारण ते लपवून विकलेला क्लच परत येतो. ऑरगॅनिक फेसिंग एकदा अति तापले की त्याची पकड पूर्ववत होत नाही. त्याबाबतीत सिरॅमिक जास्त सोशिक आहे. दोन प्लेटींचे वजन गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टवर बसते, त्यामुळे गिअर बदलताना फिरण्याचे वेग जुळवणाऱ्या सिंक्रोनायझरला अधिक काम पडते आणि हात थोडा सावकाश चालवावा लागतो. आणि खराब झालेल्या दोन भागांच्या फ्लायव्हीलऐवजी एकसंध फ्लायव्हील घेतल्यामुळे न्यूट्रलमध्ये, पेडल सोडलेले असताना, गिअरबॉक्स खडखड वाजणार. तो आवाज बिघाडाचा नसतो, पण आधी सांगितले नाही तर माणूस घाबरतो.

गाडीमालकांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले की क्लच एवढा विचार करून निवडायचा, तर मागे जाताना होणाऱ्या उष्णतेचे काय? त्यांचा प्रश्न अगदी वर्मावर होता. ट्रक फोर-व्हील ड्राइव्ह होता आणि त्याच्या ट्रान्सफर केसमध्ये, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या पेटीत, लो रेंजचे, म्हणजे वेग आणखी कमी करणाऱ्या जोडीचे, गुणोत्तर २.७२ आहे. लो रेंजमध्ये रिव्हर्स टाकला तर तेवढ्याच फेऱ्यांवर गाडीचा वेग २.७२ पटीने कमी होतो आणि क्लचमधली उष्णता त्याच्या वर्गाने, म्हणजे सातपटीहून अधिक. कोरड्या डांबरावर वळण घेताना असे करू नये, पुढची आणि मागची चाके एकमेकांशी झगडतात. पण खडीच्या अंगणात, जवळजवळ सरळ मागे जाताना, हरकत नाही. या एका लिव्हरने त्या घरी जितका क्लच वाचणार होता, तितका कुठल्याही महागड्या फेसिंगने वाचला नसता. तो लिव्हर आपण हिवाळ्यातल्या बर्फाखेरीज वापरतच नाही, असे ते म्हणाले.

दुसरा बदल ट्यूनिंगमध्ये केला. सहाव्या गिअरमध्ये कमी फेऱ्यांवर पूर्ण डिझेल दिले की टॉर्क शिगेला पोचतो, आणि क्लच व गिअरबॉक्स दोघांवरही सर्वाधिक ताण त्याच क्षणी येतो. अठराशे फेऱ्यांच्या खालचे इंधन आम्ही आवरते घेतले. वरची अश्वशक्ती तेवढीच राहिली. चढावर एक गिअर खाली टाकून ती वापरायची, एवढेच.

बसवताना घाई केली नाही. नवे एकसंध फ्लायव्हील, नवे पायलट बेअरिंग, नवे रिलीज बेअरिंग, आणि पेडलचा जोर क्लचपर्यंत पोचवणाऱ्या मास्टर व स्लेव्ह सिलिंडरचा पूर्ण संच बदलला, कारण दोन प्लेटी स्वच्छ सुटायच्या तर पेडलचा प्रवास पूर्ण मिळायला हवा. इनपुट शाफ्टच्या स्प्लाइन, म्हणजे प्लेटी ज्यांवर सरकतात त्या खाचा, साफ करून त्यांवर ग्रीसचा फक्त हात फिरवला. जास्त झालेले ग्रीस उडून फेसिंगवरच बसते. पहिले पाचशे मैल, म्हणजे साधारण आठशे किलोमीटर, ट्रेलर जोडायचा नाही आणि पूर्ण ताकद लावायची नाही, असे लिहून दिले.

तेवढे अंतर चालून फेसिंग नीट रुळल्यावर भरलेला ट्रेलर जोडून मी त्यांच्याबरोबर आयझेनहॉवर बोगद्याकडे गेलो. सिल्व्हरथॉर्नहून त्या बोगद्यापर्यंत आय-७० महामार्ग सुमारे सात टक्के चढाने वर जातो आणि बोगद्याचे पश्चिमेचे तोंड ११,१५८ फुटांवर, म्हणजे ३,४०० मीटर उंचीवर आहे. त्यांनी सवयीने सहावा गिअर तसाच ठेवला, मग स्वतःच एक खाली टाकला. इंजिनाचे फेरे दाखवणारा टॅकोमीटरचा काटा आणि वेगाचा काटा बोगद्यापर्यंत एकमेकांना धरून राहिले आणि वास आला नाही.

पुढे त्यांनी फोन करून विचारले की क्लचमध्ये आता इतकी ताकद शिल्लक आहे, तर इंजेक्टर आणखी मोठे घ्यावेत का. मी नको म्हणालो. आजवर क्लच आधी घसरत होता म्हणून वाचलेला भाग म्हणजे गिअरबॉक्स, आणि या मॉडेलमध्ये त्याचे कवच ॲल्युमिनियमचे आहे. यापुढे टॉर्क वाढवला तर घसरण्याऐवजी काहीतरी तुटेल, आणि त्याची किंमत या क्लचच्या कित्येक पट असेल. त्यावर त्यांनी इंजेक्टरचा विषय सोडला आणि ट्रेलरच्या ब्रेकच्या तपासणीची वेळ मागून घेतली.