तुम्ही विचारलंत म्हणून: पिक्चर कधी यायलाय?

लातूरला गंजगोलाईच्या बाजारात भाजी घ्यायला गेलो तरी कुणीतरी विचारतंच, "सर, तुमच्या कादंबरीवरचा पिक्चर कधी यायलाय?" तीन वर्षं हसून टाळलं, आता एकदाच सांगून टाकतो. येणार नाही. आणि 'मग दुसऱ्याला द्या की' म्हणणाऱ्यांनो, तेही करता येत नाही.

2016 ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, त्या उन्हाळ्यावरची कादंबरी. अंधेरीतल्या पिक्चरवाल्यांच्या ऑफिसात पंचविशीतला एक पोरगा म्हणाला, "सर, हीरो पुण्याची भाषा बोलेल, तुमची भाषा त्याच्या मित्राला देऊ, लाफ्टर येतो." माझी आई ज्या भाषेत टँकरपुढं घागरीच्या नंबरवरून भांडली ती भाषा लाफ्टरला, आणि मी काय म्हणलो? चालेल. मग 14 पानांचं इंग्रजी ॲग्रीमेंट, पानापानावर सही. 9 नंबरच्या पानावर लिहिलेलं, पिक्चरचे हक्क कायमचे त्यांचे, आणि 'संपूर्ण विश्वात'.

लोकांना वाटतं मास्तर फसला. मीही वर्षभर तसंच सांगत फिरलो. पण मी कॉलेजात इंग्रजीच शिकवतो हो! वाचलं होतं सगळं. विश्व वाचून हसलोसुद्धा, मंगळावर कोण तिकीट काढणार म्हणून. समोर 50 हजारांचा चेक होता, बाकीचे शूटिंगच्या पहिल्या दिवशी देणार होते, पोरीची फी भरायची होती, आणि खरं सांगायचं तर फी नसती तरी सही केली असती. पडद्यावर नाव बघायचं होतं.

घेणाऱ्यानं वर्षभरात हक्क वापरला नाही तर तो लेखकाकडं परत येतो, असं कॉपीराईट कायद्यात आहे, करारात वेगळं लिहिलं नसेल तर. हे मी मोबाईलवर वाचलं, सही झाल्यावर, लातूर एक्सप्रेसमध्ये, कुर्डुवाडीला पहाटे चहा घेताना. बॅगेतली कॉपी काढून बघितली. वेगळं लिहिलेलं होतं. रॉयल्टीचं म्हणाल तर 2012 पासून थिएटरबाहेर पिक्चर दाखवल्याची रॉयल्टी लेखकाला सोडून देता येत नाही, पण त्यासाठी आधी पिक्चर तर निघाय पाहिजे.

एक मित्र समजूत घालतो, हिंदीतले मोठे लेखक प्रेमचंदसुद्धा 1934 ला पिक्चरसाठी लिहायला मुंबईला गेले होते, वर्षभरात परत आले. अरे बाबा, परत तर मीही आलो. कादंबरी तिथंच राहिली ना.

परवा त्याच पोराचा फोन, "सर, नवीन काही लिहिलंय का?" बघतो म्हणलो. घरात अजून सांगितलं नाही.