रिकाम्या महिन्याचा हिशेब

भाड्याने द्यायला घर घेणारे बहुतेक जण महिन्याचं भाडं गुणिले बारा करतात, त्याला घराच्या किमतीने भागतात आणि खूश होतात. त्या आकड्यात रिकामं घर नसतं, गळकी मोरीही नसते. वर्षात एक महिना कुलूप राहिलं की ८.३ टक्के भाडं गेलंच. रंग आणि किरकोळ दुरुस्तीला अर्ध्या महिन्याचं भाडं धरा, झाले साडेबारा टक्के.

म्हणून ५ टक्के वाढीपायी वेळेवर पैसे देणारा भाडेकरू घालवणं हा आतबट्ट्याचा व्यवहार. रिकामा गेलेला एक महिना त्या वाढीतून भरून यायला २० महिने लागतात, रंग-दुरुस्ती धरली तर ३०. तोवर नवा भाडेकरूही बहुधा निघालेला असतो!

दुसरं भोक ओलीचं. भिंतीला पोपडे आले की घाईने पुट्टी-रंग मारला जातो, आणि आतला गिलावा ओलाच असल्याने तो पुन्हा सुटतो. आधी पाणी कुठून येतंय ते शोधा. सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा लिहून ठेवा, तासाभराने परत बघा. आकडा पुढे सरकला तर दाबाच्या, म्हणजे नळाला पाणी आणणाऱ्या, पाइपात बहुधा गळती आहे. नसेल सरकला, तर नहाणी ट्रॅपचं, म्हणजे फरशीतलं पाणी वाहून नेणाऱ्या जाळीखालचं, तोंड घट्ट बंद करून बाथरूममध्ये दोन-तीन सेंटिमीटर पाणी २४ तास साठवा. ओलीचा डाग वाढला तर फरशीचे सांधे किंवा खालचं वॉटरप्रूफिंग गेलंय. वाढला नाही तर ट्रॅप उघडून पाणी सोडा. मग डाग दिसला की संशय सांडपाण्याच्या पाइपावर. हे न करता फरशी फोडायला लावणारा मिस्त्री तुमच्याच पैशाने अंदाज बांधत असतो.

डिपॉझिटवरून होणारी भांडणं मात्र चावी देतानाच टळतात. दोघांनी मिळून प्रत्येक नळ, फ्लश, गीझर चालवून बघायचा, मीटरच्या आकड्यांचे आणि प्रत्येक खोलीचे चारही कोपऱ्यांतून फोटो काढायचे, चाव्या मोजून लिहायच्या. घर सोडताना त्याच कोपऱ्यांतून पुन्हा फोटो. उन्हाने विटलेला रंग ही वापरातली झीज, तडकलेलं बेसिन हे नुकसान. पहिल्याचे पैसे कापू नयेत.

दुरुस्ती कोणाच्या खर्चाने, हेही करारात स्पष्ट लिहा. ते मोघम असलं की बिल आपल्या गळ्यात पडेल या धास्तीने भाडेकरू ठिबकणाऱ्या नळाबद्दल बोलतच नाही, आणि तुम्हाला कळतं ते खालच्या मजल्यावरचं छत ओलं झाल्यावर.