सव्वीस तुकड्यांचा महाराष्ट्र

मे महिन्यात दुपारी बारा ते पाच या वेळात अंबाजोगाईतल्या माणसाने काय करावे, हे पूर्वीपासून ठरलेले आहे: एक तर आडवे व्हावे, नाही तर चिंच फोडत बसावे. माझी आई दुसऱ्या पंथातली आहे. मी गेल्या तीन उन्हाळ्यांपासून तिसरा पंथ काढला आहे. माजघरात फरशीवर प्लायवुडची फळी ठेवतो, भोवती स्वयंपाकघरातून उचलून आणलेली ताटे मांडतो आणि जिगसॉचे तुकडे जोडत बसतो. कुलरचे तोंड मात्र आधी आईकडे वळवून ठेवावे लागते, कारण त्याचा ओलसर वारा लागला की पुठ्ठ्याचे तुकडे फुगतात आणि खाचेत बसताना कुरकुर करतात. आईला वाटते, मी हे तिच्यासाठी करतो. तो गैरसमज मी दूर केलेला नाही.

या वर्षीचे चित्र पुण्याच्या भाचीने दिलेले आहे. परदेशातले कुठले तरी बंदर, त्यात उभ्या असलेल्या लाल-पांढऱ्या होड्या, मागे उतरत्या छपरांची घरे आणि या सगळ्यावर निम्मे चित्र व्यापणारे आभाळ. खोक्यावर एक हजार तुकडे असे लिहिलेले आहे. पण आडव्या ओळीत ३८ आणि उभ्या ओळीत २७, म्हणजे प्रत्यक्षात १०२६ तुकडे भरतात. हजाराच्या पुष्कळ खोक्यांत हाच हिशेब असतो. वरचे २६ तुकडे कंपनीने न सांगता दिले, याचा मला दर वेळी खेडवळ म्हणावा असा आनंद होतो; भाजीवालीने मेथीच्या जुडीवर चार कोथिंबिरीच्या काड्या टाकल्यावर होतो, तसा.

आभाळ परातीत, पाणी ताटात आणि घरांच्या विटा जुन्या डब्याच्या झाकणात, अशी माझी निवडानिवड चालली होती. आई चिंचेवरून मान वर करून म्हणाली, "आभाळ अन् पाणी दोन्ही निळंच की रे. कसं निवडायलास?" पाण्याच्या निळ्यात बारीक आडव्या रेघा असतात आणि आभाळाचा निळा कडेला पिठूळ होत जातो, असे मी तिला सांगितले. तिने एक तुकडा हातात घेतला, खिडकीच्या उजेडात धरला आणि परातीत टाकला. तो आभाळाचाच होता. साठ वर्षे ज्वारी निवडलेल्या माणसाला असल्या गोष्टी शिकवाव्या लागत नाहीत. "निवडून निवडून शिजवायचं काहीच नाही व्हय?" एवढे मात्र तिने विचारले.

शिजवायचे काहीच नाही, हेच तर यातले सुख आहे. ज्याचे उत्तर आधीच ठरलेले आहे, ज्यात कोणाचे मन दुखावत नाही आणि जे आज पुरे झाले नाही तरी कोणी फोन करत नाही, असे काम प्रौढ माणसाच्या वाट्याला फार थोडे येते. तासभर फक्त एका रंगाकडे पाहावे, अठरा तुकडे लावून पाहावेत, एकोणिसावा अलगद बसावा आणि तेवढ्यात उन्हे कलून चहाची वेळ व्हावी. माझी एकच खोड आहे. सगळे लोक आधी चौकट पुरी करतात. मी मधूनच सुरुवात करतो आणि सरळ कडेचे १२६ तुकडे शेवटपर्यंत बाजूला ठेवतो. भाचीच्या मते हा अडाणीपणा आहे. असेल, पण मी ज्या चित्रावर हा खेळ शिकलो, त्याला सरळ कड नव्हतीच.

त्या दुपारी एक होडी आणि दोन घरे जोडून झाली, तेव्हा तो तयार भाग मी सहज एका टोकाला धरून उचलला, तर तो अखंड पापडासारखा वर आला. एकही तुकडा गळला नाही. पोलादी पात्यांचा साचा पुठ्ठ्यावर एकदा दाबला की सगळे तुकडे एकदम कापले जातात आणि त्यात पुठ्ठ्याचा कणही वाया जात नाही, म्हणून ते एकमेकांना इतके घट्ट धरून राहतात. आमच्या महाराष्ट्राला हे कधी जमले नाही. जोडलेल्या महाराष्ट्राला कोपर लागले की कोकण घसरून समुद्रात जायचे.

तो महाराष्ट्र दादांनी केला होता. दादा, म्हणजे माझे वडील, भूगोल शिकवत. १९७७च्या सुमारास त्यांनी राज्याचा जिल्हावार नकाशा मैद्याच्या खळीने पातळ प्लायवुडवर चिकटवला, उशाखाली ठेवून चार रात्री दाबला आणि गल्लीतल्या सुतारमामांकडून नक्षीकामाच्या बारीक करवतीने जिल्ह्यांच्या सीमांवर कापून घेतला. या खेळाचा जन्मही असाच झाला, हे मला फार पुढे कळले. १७६०च्या दशकात लंडनमध्ये जॉन स्पिल्सबरी नावाचा नकाशे कोरणारा कारागीर होता. त्याने मुलांना भूगोल शिकवण्यासाठी लाकडावर चिकटवलेले नकाशे देशांच्या सीमांवर कापून विकायला सुरुवात केली. त्यालाही एकमेकांत अडकणारे कान आणि खाचा सुचल्या नव्हत्या. त्या नंतर आल्या. पुठ्ठ्याचे स्वस्त तुकडे तर १९३०च्या मंदीत अमेरिकेत घरोघर पोचले, कारण तेव्हा लोकांकडे वेळ भरपूर होता आणि पैसा नव्हता. अंबाजोगाईतल्या आम्हा मुलांची स्थिती १९७७ साली साधारण तशीच होती, फक्त तिला कोणी मंदी म्हणत नसे.

तेव्हा महाराष्ट्राचे जिल्हे २६ होते आणि त्यांतले मराठवाड्याचे पाच: औरंगाबाद, परभणी, बीड, नांदेड, उस्मानाबाद. मी बीडपासून सुरुवात करायचो, कारण घर तिथे होते, आणि मग शेजारपाजार जोडत बाहेर सरकायचो. बृहन्मुंबईचा तुकडा नखाएवढा होता, त्यामुळे तो सर्वांत आधी हरवला. आईने त्या जागी एक चिंचोका ठेवायला दिला. नंतर कित्येक वर्षे आमच्या घरात महाराष्ट्राची राजधानी चिंचोका होती आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नव्हते.

१ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला. दादा शिस्तीचे, मुलांनी चुकीचा नकाशा जोडू नये म्हणून ते औरंगाबाद आणि परभणी पिशवीत घालून सुतारमामांकडे गेले. मी सोबत होतो. जालना, अंबड, भोकरदन आणि जाफराबाद हे तालुके औरंगाबादेतून निघायचे होते, म्हणजे तो सरळ काप होता. पण परतूर तालुका परभणीतून काढून जालन्याला द्यायचा होता. सुतारमामांनी कानामागची पेन्सिल काढली, परतूर कापले, दोन्ही कडा पॉलिशपेपरने घासल्या आणि फेव्हिकॉल लावून नव्या जालन्याला चिकटवले. मग पात्यावरचा भुसा फुंकरीने उडवत ते म्हणाले, "गुरुजी, करवत फुकट काम करत नसते. दर खेपेला आपला घास खाती. सरकारला म्हणावं, जिल्हे करायचेच असले तर एकदाच काय ते करा." त्याच दिवशी रत्नागिरीतून सिंधुदुर्गही वेगळा झाला होता, पण तो आम्ही दुसऱ्या खेपेसाठी ठेवला.

ती खेप पुढल्याच वर्षी आली. १९८२च्या ऑगस्टमध्ये उस्मानाबादेतून लातूर निघाले आणि चंद्रपुरातून गडचिरोली. सव्वा वर्षात २६चे ३० झाले आणि दर कापागणिक पात्याच्या जाडीएवढे लाकूड भुसा होऊन खाली पडले. महाराष्ट्र पूर्वीएवढाच असताना आमचा महाराष्ट्र आतून सैल होत गेला. जिल्ह्यांच्या मधून फळीची रेघ दिसू लागली. माझ्या वर्गात परतूरहून आलेला एक मुलगा होता, त्याला मी मोठ्या प्रौढीने आमचा नकाशा दाखवला, तेव्हा त्याने त्या सांध्यावरून बोट फिरवले आणि विचारले, "आमचं गाव फेव्हिकॉलनं चिकटिवलंय होय?" मला वाईट वाटले. त्याला वाटले नसावे, कारण लगेच त्याने बोरे मागितली.

नव्वद साली मुंबईचे दोन जिल्हे झाले, पण चिंचोका कापता येत नाही. १९९९ साली परभणीतून हिंगोली निघाले. तोवर सुतारमामा थकले होते आणि त्यांच्या मुलाकडे विजेवर चालणारे यंत्र आले होते. त्या यंत्रालाच जिगसॉ म्हणतात, म्हणजे खेळाच्या नावातली करवत आमच्याकडे खेळानंतर बावीस वर्षांनी पोचली. पण तिचे पाते जाड होते. दादांनी परभणीचा तुकडा हातात घेऊन बराच वेळ पाहिला, "आता हिला अजून नको," असे म्हणून परत पिशवीत टाकला आणि घरी येऊन त्यावर हिंगोलीची सीमा फक्त पेन्सिलीने आखली. २०२३ साली औरंगाबाद छत्रपती संभाजीनगर झाले आणि उस्मानाबाद धाराशिव, तेव्हा दादा नव्हते. असते तर त्यांनी तेवढे पेनने दुरुस्त केले असते. नाव बदलायला करवत लागत नाही.

होड्यांचा तो तुकडा फळीवर ठेवून मी उठलो आणि कपाटावरून नकाशाची पेटी काढली. बऱ्याच वर्षांनी बीड हातात घेतले आणि ते उलटे केले. मागच्या बाजूला, जिथे कागद नाही, नुसते लाकूड आहे, तिथे पेन्सिलीची एक फिकट, तुटक रेघ होती. आधी मला ती सुताराची खूण वाटली. मग आरशात पाहावे तशी ती मनात उलटी केली, तेव्हा अंबाजोगाई, केज, परळी असा ओळखीचा आकार दिसला. आमच्या गावाला जिल्हा हवा, ही मागणी माझ्या लहानपणापासून चालू आहे. सभा झाल्या, मोर्चे झाले, बंद झाले. दादा यांपैकी कशालाही गेल्याचे मला आठवत नाही आणि या विषयावर ते घरात कधी चकार शब्द बोलले नाहीत.

आईला ती रेघ दाखवावी की नाही, हे मला ठरवता येईना. तिचा चष्मा सुपाच्या कडेला होता आणि तिची बोटे चिंचेने चिकट झाली होती. पेटीत मुंबईच्या जागी पाहिले, तर चिंचोक्याला सोंड्याने आरपार भोक पाडले होते आणि खाली चिमूटभर पीठ उरले होते. मी आईच्या पुढ्यातल्या ढिगातून एक ताजा चिंचोका उचलला, धोतराच्या जुन्या चिंधीने पुसला आणि तिथे ठेवून पाहिला. आधीच्यापेक्षा तो जरा मोठा आहे, ठाण्याच्या अंगावर येतो. मुंबई तरी तेवढीच कुठे राहिली आहे म्हणा.