किरणोत्सारी खनिजांचा संग्रह : लहान नमुना, बंद डबी, पूर्ण चिठ्ठी

जर्मनी आणि चेक प्रजासत्ताक यांच्या सीमेवर एर्त्सगेबिर्ग नावाची डोंगररांग आहे. तिच्यातील खाणींतून शतकानुशतके चांदी काढली गेली आणि त्याच खाणींतून युरेनियमचा इतिहासही सुरू झाला. योहानगेऑर्गनश्टाट येथील पिचब्लेंड, म्हणजे युरेनियमचे काळे खनिज, तपासताना मार्टिन क्लाप्रोट यांना १७८९ मध्ये हे मूलद्रव्य सापडले, आणि क्युरी दांपत्याने रेडियम वेगळे केले ते याखिमोव येथील पिचब्लेंडच्या उरलेल्या गाळातून. ज्यांना किरणोत्सारी खनिजे शिकवण्यासाठी जमवायची आहेत, त्यांनी या प्रदेशापासून सुरुवात करावी, असे माझे ठाम मत आहे.

माझ्या संग्रहातील सर्वांत मोलाचा नमुना म्हणजे टॉर्बर्नाइट. हे तांबे आणि युरेनियम यांचे फॉस्फेट असून त्याचे चौकोनी, पातळ, पाचूसारखे हिरवे स्फटिक पहिल्याच नजरेत मन वेधून घेतात. मात्र मला त्याचे मोल वाटते ते मारी क्युरी यांच्या १८९८ मधील प्रयोगामुळे. नैसर्गिक टॉर्बर्नाइट, ज्याला त्या काळी चाल्कोलाइट म्हणत, शुद्ध युरेनियमपेक्षा दुपटीहून अधिक किरणोत्सारी असल्याचे त्यांना आढळले. असे का व्हावे, हे तपासण्यासाठी त्यांनी तेच खनिज प्रयोगशाळेत शुद्ध रसायनांपासून तयार केले, तेव्हा त्याचा किरणोत्सार युरेनियमच्या निम्म्याहूनही कमी भरला. याचा अर्थ, खाणीतल्या दगडात युरेनियमखेरीज आणखी काहीतरी होते. त्याच वर्षी पोलोनियम आणि रेडियम यांची घोषणा झाली. तीन टन युरेनियममागे जेमतेम एक ग्रॅम रेडियम असते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या निष्कर्षामागचे धैर्य कळते. विद्यार्थ्यांसमोर ही हकीकत सांगताना शेजारी तो हिरवा नमुना असावा, याहून चांगले शैक्षणिक साधन मला माहीत नाही.

टॉर्बर्नाइटच्या शेजारी मी ऑट्यूनाइट हे युरेनियमचेच दुसरे खनिज ठेवतो, आणि तेही हेतुपूर्वक. अतिनील दिव्याखाली ऑट्यूनाइट प्रखर पिवळसर हिरवे चमकते. टॉर्बर्नाइटमधील तांबे मात्र ती चमक दाबून टाकते, त्यामुळे ते काळोखातच राहते. चमकणारा दगड म्हणजे किरणोत्सारी दगड, हा सर्वत्र पसरलेला समज दोन्ही नमुन्यांवर गायगर काउंटर, म्हणजे किरणोत्सार टकटक आवाजाने मोजणारे उपकरण, धरताच मावळतो, कारण न चमकणारा नमुनाही तितक्याच आवेशाने टकटक करतो. शिवाय नमुन्याची बंद डबी थोडी दूर सरकवली की मोजणी किती झपाट्याने उतरते हेही मुले स्वतः पाहतात.

आता काळजीविषयी, आणि येथे मी कोणतीही सवलत मान्य करणार नाही. याच डोंगररांगेतील श्नेबेर्गचे खाणकामगार पिढ्यान्‌पिढ्या फुप्फुसाच्या एका रोगाने मरत असत. तो रोग म्हणजे कर्करोग असल्याचे हेर्टिंग आणि हेसे या डॉक्टरांनी १८७९ मध्ये दाखवून दिले. खाणीतील हवेत साठणारा रेडॉन हा किरणोत्सारी वायू हे त्याचे मुख्य कारण असल्याचे पुढे स्पष्ट झाले. एक छोटा नमुना म्हणजे खाण नव्हे, हे खरे. पण रेडॉन त्यातूनही सतत निसटत असतो. त्याचे अर्धायुष्य, म्हणजे तो निम्मा उरायला लागणारा काळ, ३.८ दिवसांचे आहे आणि त्याच्यापासून बनणारे किरणोत्सारी शिसे-२१० सुमारे २२ वर्षांच्या अर्धायुष्याने डबीच्या आतल्या बाजूवर साठत जाते. म्हणून नमुना अंगठ्याच्या पेराएवढाच घ्यावा, घट्ट झाकणाच्या पारदर्शक डबीत ठेवावा, ती डबी वावरत्या खोलीत न ठेवता हवेशीर जागी, मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी, आणि जुनी डबी दुसऱ्या कोणत्याही कामासाठी वापरू नये. टॉर्बर्नाइटमधील पाणी हळूहळू उडून जाते आणि पाने ठिसूळ होऊन त्यांचा भुगा पडतो. हा भुगा श्वासातून किंवा तोंडावाटे पोटात जाणे हाच खरा धोका आहे. म्हणूनच प्रदर्शनातही डबी कधी उघडू नये आणि हाताळणीनंतर हात धुवावेत.

महाराष्ट्रातील संग्राहकांना अपोफिलाइट, स्टिल्बाइट, वाघोलीचे कॅव्हन्साइट निर्धास्तपणे हातात घेण्याची सवय असते, कारण आपल्या बेसाल्टमध्ये युरेनियम नगण्य आहे. भारतात युरेनियम आणि थोरियमची खनिजे अणुऊर्जेच्या कायद्याखाली येतात, त्यामुळे तेथे राहणाऱ्यांनी ती परवानगीवाचून जमवू नयेत, परदेशातून मागवूही नयेत. त्यांच्यासाठी एक निर्धोक आणि माझ्या मते तितकाच सुंदर पर्याय आहे. ग्रॅनाइटमधील काळ्या अभ्रकाचा पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर किंचित युरेनियम असलेल्या झिरकॉन या खनिजाच्या बारीक कणाभोवती गडद वलये दिसतात. त्यातून कोट्यवधी वर्षे बाहेर पडलेल्या अल्फा कणांनी, म्हणजे किरणोत्सारातील जड कणांनी, अभ्रकात जेथवर मजल मारली, त्या अंतराची ही नोंद असते.

शेवटचा मुद्दा चिठ्ठीचा. तिच्यावर खनिजाचे नाव, खाण, गाव, मिळाल्याचे साल आणि किरणोत्साराची स्पष्ट खूण असलीच पाहिजे. नमुना कोणत्या अंतरावरून, कोणत्या उपकरणाने मोजला, हेही मी लिहून ठेवतो. कारण माझ्यानंतर ही डबी ज्यांच्या हाती पडेल, त्यांना ती उघडण्यापूर्वीच सर्व काही कळले पाहिजे. एर्त्सगेबिर्गच्या जर्मन बाजूच्या सॅक्सनी राज्यातील युरेनियमचे मोठे खाणकाम १९९० च्या सुमारास थांबले आणि तेथील पुष्कळ खाणी आता भरून टाकलेल्या आहेत. तिथल्या नमुन्याची चिठ्ठी एकदा हरवली, तर तो नेमका कोणत्या शिरेतून आला हे जागेवर जाऊन ताडून पाहण्याची सोय आता उरलेली नाही.