बुडबुड्यातला ऑक्सिजन पाण्याचा असतो

परसातल्या डोणीत उन्हाळ्यात शेवाळ धरतं. आई म्हणते घासून टाक, पण मी चार दिवस तसंच ठेवतो, कारण दुपारचं ऊन थेट पाण्यावर आलं की त्या हिरव्या तंतूंवर मोहरीएवढे बुडबुडे धरतात, एकेक सुटून वर येतो, आणि पोफळींची सावली सरकत डोणीवर आली की ते सगळं मंदावतं. बघत बसावंसं वाटतं खरंच.

शाळेत आपण पाठ केलं की झाड कार्बन डायऑक्साइड घेतं नि ऑक्सिजन सोडतं, त्यामुळे बहुतेकांना वाटतं तो ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइडमधलाच. तसं नाहीये! १९४१ मध्ये कॅलिफोर्नियात सॅम्युअल रुबेन, मार्टिन केमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्लोरेला या शेवाळाला ऑक्सिजन-१८, म्हणजे नेहमीच्यापेक्षा जड नि म्हणून वेगळा ओळखता येणारा ऑक्सिजन, असलेलं पाणी दिलं, आणि निघालेल्या वायूत तोच जड ऑक्सिजन सापडला. म्हणजे फुटतं ते पाणी.

होतं असं की उजेड हरितद्रव्यावर पडला की त्यातला एक इलेक्ट्रॉन उसळून पुढे निघून जातो आणि ती रिकामी जागा भरायला पाण्याच्या रेणूतून इलेक्ट्रॉन ओढला जातो. पाण्याचे दोन रेणू फुटले की ऑक्सिजनचा एक रेणू, चार इलेक्ट्रॉन आणि चार प्रोटॉन. इलेक्ट्रॉन पुढे एनएडीपीएच हा इलेक्ट्रॉन वाहून नेणारा रेणू बनवायला जातात, आणि प्रोटॉन हरितलवकातल्या, म्हणजे पेशीतल्या हरितद्रव्य असलेल्या भागातल्या, बारीक पिशव्यांमध्ये साठत राहतात. मला यातला सगळ्यात भारी भाग पुढचा वाटतो. कोयना धरणाचं पाणी पोफळी गावच्या वीजघरात खाली येताना टर्बाइन फिरवतं ना, तसे हे प्रोटॉन बाहेर पडताना एक प्रथिन खरोखर गरागरा फिरवतात आणि त्यातून एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू, तयार होतं. उजेडाचं काम इथे संपलं. साखर नंतर बनते, याच एटीपी आणि एनएडीपीएचवर.

पण फुटतं ते पाणी अगदी थोडं, पानाच्या रंध्रांतून, म्हणजे बारीक छिद्रांतून, वाफ होऊन जातं ते कितीतरी जास्त, कारण कार्बन डायऑक्साइड आत घ्यायचा तर रंध्रं उघडी ठेवावीच लागतात. सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावर, एप्रिलात हे कसं परवडणार? कुंपणाकडेचा अननस म्हणूनच रंध्रं मुख्यतः रात्री उघडतो, कार्बन डायऑक्साइड मॅलिक आम्लाच्या रूपात साठवतो, आणि दिवसा रंध्रं मिटून त्याचीच साखर करतो.